कॅमेरा झाडावरच

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, दोघं जेवून घ्या. मी शाळेत जातेय, मोठ्या बाईंची बोलणी खायला. नाट्यपरीक्षेच्या गुणांसाठी माझ्या अख्ख्या वर्गाचं शूटिंग करा म्हटलं होतं. तुम्ही सबंध नाटकभर कॅमेरा आपल्या लेकीवरच धरलात! बाकीच्या मुलांचे नुसते आवाज. आता परीक्षकांना काय दाखवू, कपाळ?

तुमच्यावर ओरडणारच होते, पण व्हिडिओ पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. बाईंचीच मुलगी म्हणून कुणी बोट दाखवायला नको, म्हणून मी तिला मागचं झाड केलं. झाडाने हलायचं नाही, असं बजावलंही होतं.

ती खरंच हलली नाही हो. फक्त प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याला तिचे ओठ हलतायत.