ह्यांच्या मशीनचं अपडेट

१० सप्टें., बुध.
आज महिन्याचं अपडेट. ह्यांना आंघोळीला पाठवलं, पाणी मुद्दाम जास्त काढलं, आणि लॅपटॉप लावला. दुसऱ्या मंगळवारी रात्री तिकडं अमेरिकेतून सोडतात, आपल्याकडं बुधवारी सकाळी पोचतं. दुधाच्या पिशवीसारखं पाठ झालंय आता. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, 'बंद करू नका'. हा पडदा ह्यांना दिसता कामा नये. मागं एकदा दिसला तर "ब्रेकडाउन हाय, मेंटेनन्सला बोलवा" म्हणत दुपारपर्यंत येरझाऱ्या घातल्या.

आज मध्येच अडकलं. आतून हाक, "टॉवेल!" टॉवेल दिला, पाठ चोळून दिली, पायाची नखं बघितली. लग्न झाल्यापासून एवढी सेवा केली नव्हती. झालं एकदाचं. मग हे डबा घेऊन पुढच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसले. ड्युटी सुरू.

१३ सप्टें.
पडद्यावर पाटी आली. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतो, अकरावर जा. मी मेथी निवडत होते, त्यामुळं ह्यांनीच आधी वाचली. खुर्ची मागं सरकवून चष्मा पुसला.

"नोटीस आली."
"कसली?"
"ऑक्टोबरला बंद करायलेत. सगळ्यांलाच हाय का माझ्या एकट्यालाच?"

वाळूजच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली ह्यांची. आजूबाजूची शटरं खाली येताना बघितलेला माणूस, सपोर्ट संपतो म्हटल्यावर दुसरं काय वाचणार. तुम्ही निवृत्त झालात हे सांगायचं मी सोडून दिलंय. सांगितलं की दर वेळी नव्यानं निवृत्त होतात आणि दर वेळी तेवढाच चेहरा पडतो. म्हटलं, सगळ्यांनाच आहे.

"मग युनियन बघंल," म्हणाले आणि कामाला लागले.

१४ सप्टें.
अभिचा पुण्याहून फोन. त्याला पाटीचं सांगितलं.
"आई, ते डबडं टाक ना आता. नवा पाठवतो."

पोटचा मुलगा, पण राग आला. डॉक्टर म्हणाले होते ते त्याच्या समोरच म्हणाले होते. रोजचं जे आहे ते हलवू नका, खुर्ची, वेळ, हातातली वस्तू, तेवढ्यावर माणूस धरून राहतो. हा लॅपटॉप ह्यांचाच, डिझाइन सेक्शनमधला. निवृत्तीला कंपनीनं शाल-नारळाबरोबर देऊन टाकला. त्यात ह्यांचा ड्रॉइंगचा जुना प्रोग्राम आहे, तो नव्यावर चालत नाही. आणि अपडेट न करता ठेवावा तर व्हायरस घुसतो, एकदा घुसला होता, आठ दिवस घरात सुतक.

म्हणजे जुनंही राहिलं पाहिजे आणि धडधाकटही. मी अभिला म्हटलं, तुझ्या बाबांचंही तसंच आहे. नंतर वाटलं, उगीच बोलले.

२४ सप्टें.
ह्यांची ड्रॉइंगं रोज संध्याकाळी मीच सेव्ह करते. ब्रॅकेट, मोटारसायकलच्या स्टँडचं. रोज तेच. पूर्वी एखाद्या पोरानं एक माप सोडलं तर घरी येऊन जेवताना त्याचा उद्धार चालायचा, वरण गार व्हायचं. आजच्या ड्रॉइंगमध्ये दोन भोकं आहेत, माप एकाचंही नाही. कडेची एक रेघ जोडलीच नाही.

तसंच सेव्ह केलं. रडू आलं. मग डाळीला फोडणी दिली.

१ ऑक्टो., खंडेनवमी
आज मीच घोळ घातला.

सकाळी हे म्हणाले, "मशीनची पूजा कधी हाय? हार आणला का?" मला एवढा आनंद झाला की विचारू नका. आपणहून सण आठवला. वाळूजला ह्या दिवशी लेथपासून क्रेनपर्यंत सगळ्याला झेंडूचे हार, पेढे, मग अर्धी सुट्टी. मी धावत जाऊन झेंडू आणले. लॅपटॉप पाटावर ठेवला, स्वस्तिक काढलं, ह्यांनी हळद-कुंकू वाहिलं. हात अगदी सराईत. पँटला शर्ट खोचलेला, पूर्वीसारखा. मी बघतच राहिले.

आणि मी नारळ हातात दिला. ह्यांनी तो कंपनीतल्यासारखा मशीनपुढं फोडला आणि पाणी मशीनवर शिंपडलं. लोखंडाला चालतं ते. लॅपटॉप उघडा होता.

पुसला, उलटा केला, तांदळाच्या डब्यात ठेवला. अर्धी बटनं मेली. हे मात्र खुशीत होते, प्रसाद वाटायला शेजारी गेले.

३ ऑक्टो.
शहागंजात रहीमभाईंच्या दुकानात दिला. चार्जर, बॅटरी, आजवर सगळं त्यांच्याकडूनच घेतलंय. कीबोर्ड बदलावा लागेल म्हणाले. मी बजावलं, आतलं काही हलवू नका. "हौ भाभी, फिकर नक्को."

काल दसरा होता. सोनं द्यायला आलेल्यांना हे सांगत होते, मशीन रिपेअरला गेलंय म्हणून घरी हाय.

६ ऑक्टो.
लॅपटॉप आला. रहीमभाई हसून म्हणाले, "कीबोर्ड नवा है. और सिस्टिम बी अकरावाली डाल दिया मैं, मेरी तरफ से. पुरानी तो बंद हो रई ना." भल्या मनानं केलं होतं. आणि खरं सांगायचं तर दुकानात तो चकचकीत पडदा बघून मीही भाळले. नोटिशीची कटकट गेली असं वाटलं. तिथल्या तिथं 'परत करा' म्हणायला हवं होतं.

घरी ह्यांनी उघडला. बराच वेळ बघत बसले.
"हे माझं नाय."
"तुमचंच आहे. हे बघा, बाजूला तुमच्या सेक्शनचा स्टिकर."
"स्टार्टचं बटन डाव्या कोपऱ्यात असतंय. मधी कुणी आणलं?"

ड्रॉइंगचा प्रोग्राम उघडेना. हे उठले. खुर्ची नीट आत सरकवली, डबा पिशवीत घातला. "दुसरा माणूस घेतला तर तोंडावर सांगायचं ना," म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

७ ऑक्टो.
दिवसभर पलंगाच्या कडेला. डबा मांडीवर. जेवले नाहीत.

९ ऑक्टो.
आज हे गेले होते.

मी मागं कपडे वाळत घालत होते. आले तर दार उघडं, चपला नाहीत, डब्याची पिशवी नाही. गल्लीत धावले, पायात काही न घालता. कोपऱ्यावर, जिथं पूर्वी ह्यांची कंपनीची बस यायची, तिथं दुसऱ्याच कुठल्या कंपनीची शिफ्टची बस उभी होती आणि हे दारातल्या पायरीवर. ड्रायव्हर म्हणत होता, "काका, कार्ड दाखवा की." हे शर्टाचा खिसा चाचपत होते. मग पँटचा. परत शर्टाचा. आत बसलेली सगळी पोरं बघत होती. एकानंही हसं केलं नाही, त्यांचं भलं होवो.

म्हटलं, "चला, आज सुट्टी आहे."
"सुट्टी नाय. मलाच घेईना ते."

येताना ह्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात. एवढ्या संसारात कधी धरला नव्हता, लासूरला सासरी तर चार पावलं पुढं चालायचे. मला खूप भीती वाटली.

१० ऑक्टो.
रहीमभाईंकडं गेले. बसचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "माफ करना भाभी, मेरेकू मालूम नै था." दहा दिवसांच्या आत असेल तर मागं जाता येतं म्हणाले, पुरानीच परत येते, सगळं होतं तसं. चहा मागवला, मी तो हातात धरूनच बसले. ठिपके फिरत होते. मी देवाचं नाव घेत होते, त्या ठिपक्यांकडं बघून.

आलं. डाव्या कोपऱ्यातलं बटन. निळ्या पडद्यावर ह्यांचे फोल्डर, वेडेवाकडे ठेवलेले, तसेच. प्रोग्राम उघडला. जुनी, अलीकडची, सगळी ब्रॅकेटं आहेत. रिक्षात मांडीवर धरून आणला.

११ ऑक्टो.
सकाळी डबा भरला. भाकरी, ठेचा, ह्यांची आवडती वांगी. लॅपटॉप उघडून खुर्ची बाहेर ओढून ठेवली.

हे आले. अवघडून, पाहुण्यासारखे. पडद्याकडं बघितलं.
"बसा ना," मी म्हटलं. "तुमचं मशीन आलं."
"नाय, नाय. कुणाचं आसंल त्याला बसू द्या."

मी माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून बघितला आणि परत ठेवला.

थोडेच दिवस मशीन नव्हतं फक्त. तेवढं पुरलं.

१२ ऑक्टो.
परत बसवून बघितलं. नाही.
संध्याकाळी परत. नाही.

१५ ऑक्टो., बुध.
शेवटचं फुकटचं अपडेट आलं म्हणतात. नाव नोंदवलं तर आणखी वर्षभर मिळतील अशी पाटी होती. ह्यांच्या नावानं ईमेल काढला, नोंदवलं. कशासाठी, असं अभिनं विचारलं नाही, बरं झालं.

आंघोळीच्या वेळातच केलं. आता लपवायचं काही कारण नाही, पण हात तसेच चालतात.

२२ ऑक्टो., पाडवा
अभि आलाय. ओवाळून झाल्यावर तो बाबांच्या खुर्चीत बसला, लॅपटॉप लावला, बाबांचंच एक जुनं ड्रॉइंग उघडलं, सहा-सात वर्षांपूर्वीचं, सगळी मापं असलेलं.
"बाबा, हे बघा ना जरा. बरोबर आहे का?"

हे मागं येऊन उभे राहिले. वाकून बघितलं. बोट रेघेवरून फिरवलं, पडद्यावर.
"कुणी काढलं?"
अभिनं माझ्याकडं बघितलं.
"हात चांगला हाय," हे म्हणाले. "पोराला पर्मनंट करा."

अभि स्वयंपाकघरात आला, चकलीचा डबा उघडून नुसता उभा राहिला. मी पाठीवरून हात फिरवला. एवढा मोठा झालाय, बापाच्याच उंचीचा.

४ नोव्हें.
रोज सकाळी मीच टेबलाशी बसते. मशीन गरम ठेवावं म्हणून, असं मनाला सांगते. एखादं ड्रॉइंग उघडते, ह्यांच्या बाजूला पडदा वळवून ठेवते. एक-दोनदा रेघ ओढून बघितली. माझी वाकडी येते. हे पलंगावरून बघतात. आज म्हणाले, "तुमी नव्या का?" मी हो म्हटलं.

१२ नोव्हें., बुध.
अपडेट आलं. वाढीव वर्षातलं पहिलं. हे आंघोळ करून, पँटला शर्ट खोचून आले तरी चालूच होतं. निळा पडदा, ठिपके. मी झाकायला गेले नाही. ह्यांनी बघितला, काही वाटलं नाही.

अपडेट संपलं, मी बसून राहिले. हे टेबलापुढं येऊन उभे राहिले, हात मागं बांधून, साहेबापुढं राहतात तसे.
"मॅडम, आज जरा लवकर सुटतो."
मी वर बघितलं.
"घरी मिसेस एकलीच हाय. पोरगं पुण्याला. तिला एकलीला करमत नाय, सांगत नाय ती कुणाला."

मी म्हटलं, "जा."

चपला घातल्या त्यांनी. मीही घातल्या. "तुमी बी तिकडंच का?" "हो, तिकडंच." गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, मेडिकलपाशी वळलो, परत आलो. वाटेत सांगत होते, भाकरी तिच्याच हातची खातो, कॅन्टीनचं नको वाटतं. तोंडाची तिखट हाय जरा, पण मनात काय नाय.

कुलूप मी उघडलं. हे आत गेले. स्वयंपाकघरात बघितलं, मागं दोरीपाशी बघितलं, परत पुढं आले. घाबरलेले.
"कुठं गेली आसंल ही?"

मी म्हटलं, "येतील. बसा तोवर."

बसलेत. दाराकडं बघतायत.