कासवावरचं पांघरूण

३ मार्च, मंगळवार

कासव पुन्हा लाल! तोंड धुवायच्या आधी स्क्रीन पाहिली. कोल्हा हिरवा, बगळा हिरवा, मुंगूस हिरवं — आमचं तेवढं लाल.

लेकीचा फोन. तो डबा कशाला चालू ठेवतेस, म्हणाली. मग तिला पहिल्यापासून सांगत बसले. तिचे बाबा नोकरी सांभाळून ज्या डेटाबेसचं काम फुकट करायचे, तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्यातल्या चुका शोधतात, दुरुस्त्या पाठवतात. आणि त्या दुरुस्त्या नीट चालतात का, हे घरोघरची अशी मशिनं दिवसभर तपासत असतात. ज्याचं मशीन त्याने एका जनावराचं नाव द्यायचं, अशी तिथली रीत. बाबांनी धापा टाकणारं जुनं मशीन लावलं, म्हणून कासव. सगळं ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल.

ती ऐकून घेते, पण शेवट ठरलेला. महिनाअखेरीला मी तुला न्यायला येणार, डबा भंगारात.

ह्यांच्या वेळी मीच त्या घरघरीवर वैतागायचे — घरात एक घोरणारा कमी होता का! आता ती घरघर आहे म्हणून ह्या खोलीत बसवतं.

ह्यांच्या हाताखाली ते कधी लाल झालं नाही. मला सांभाळता येत नाही, दुसरं काय.

५ मार्च

ह्यांच्या नावे मेल. चाळणीबुवांची!

हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. बाहेरून आलेली दुरुस्ती आत घ्यायच्या आधी ओळ न् ओळ तपासणारा हा माणूस. ह्यांची कुठलीच दुरुस्ती त्याने पहिल्या फटक्यात घेतली नाही. जेवताना घास हातात धरून हे त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि पान वाढलेलं तसंच टाकून त्याला उत्तर लिहायला उठायचे.

ह्यांची शेवटची दुरुस्ती ऑक्टोबरपासून तिथे पडून आहे. तपासणीची ही फेरी महिनाअखेर संपते. तोवर पाठवणाऱ्याने उत्तरं दिली नाहीत तर धनी नसलेली म्हणून काढून टाकणार.

धनी नसलेली. त्याचा इंग्रजी शब्द शब्दकोशात पाहिला. दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहिलं. नाही निघत.

६ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. ह्यांचा चष्मा पुसून ठेवला.

९ मार्च

लिहिलं शेवटी. तीन वाक्यं, आणि अख्खी दुपार गेली. शाळा सातवीत सुटली; पुढचं वाचन माझं मी केलं, ह्यांच्या शेजारी बसून इंग्रजीसुद्धा. पण वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं.

दुरुस्ती पाठवणारे नोव्हेंबरात वारले. मी त्यांची पत्नी. दुरुस्तीला धनी आहे.

पाठवलं आणि स्वयंपाकघरात गेले तर दूध उतू गेलेलं.

११ मार्च

उत्तर आलं. कळलं नव्हतं, म्हणतो. इतकी वर्षं भांडलो, एकदाही तोंड पाहिलं नाही. ‘माझी दुरुस्ती ते तपासत असले की मी आधी दोनदा वाचून घ्यायचो. आता एकदाच वाचतो, आणि चुकतो.’

हे वाचून पदर डोळ्याला लावला, तर खालची ओळ — ‘तुमचं कासव जानेवारीपासून लाल आहे. त्याआधी कधीच नव्हतं. जानेवारीत तुम्ही काय बदललंत?’

एका श्वासात सांत्वन आणि उलटतपासणी! हसू आलं. मोठ्याने. आपलाच आवाज ऐकून दचकले.

१२ मार्च

मी काय बदलणार? मी हातही लावत नाही. रोज नुसती बघते. तसंच कळवलं.

१३ मार्च

पांघरूण!

फडकं मारताना हात थबकला. जानेवारीत थंडीने खोली गारठलेली, आणि ते मशीन कोपऱ्यात एकटं घरघरत होतं. ह्यांच्या अंगावरचं जुनं पांघरूण दुहेरी घडी करून मीच त्याच्यावर घातलं. धूळ बसू नये म्हणून, असं लेकीला सांगितलं होतं. धुळीचं काही नव्हतं.

हात लावून पाहिला. तापलेलं. मुळात कासव, त्यात तापलं की आणखी हळू चालणार! सुगरणीने मीठ विसरावं तशी गत. ह्या वयात शरम वाटली. पांघरूण काढलं आणि चाळणीबुवांना खरं ते कळवलं. हसतील तर हसू देत.

१४ मार्च

कासव हिरवं. आनंद व्हायला हवा. झाला नाही. उघडं उघडं दिसतंय.

१६ मार्च

बुवांची मेल. एकच ओळ — ‘कृपा करून पांघरूण परत घाला.’

खाली कारण. ह्यांची दुरुस्ती ज्या चुकीवर आहे, ती चूक ह्यांच्याखेरीज कुणाला कधी दिसलीच नव्हती. ह्यांनाही एकदाच, ओझरती. म्हणून कुणाचा विश्वास बसत नव्हता. चूक अशी — डेटाबेसमधली एखादी ओळ खोडली, तरी लगेच झाडून टाकायची नसते. खोडण्याआधी कुणी ती वाचायला बसलेला असेल, तर त्याचं वाचून होईपर्यंत ती तिथेच राहू द्यायची. हा तिथला कायदा. पण वाचणारा फारच हळू असला, की झाडणाऱ्याला वाटायचं तो उठून गेला. मग त्याच्या डोळ्यांसमोरची ओळ झाडली जायची.

इतकं हळू वाचणारं मशीन जगात कुणाकडे नव्हतं. पांघरुणाखाली आमचं झालं.

म्हणजे लाल होतं ते बिघडलं म्हणून नाही. ते दाखवत होतं! जानेवारीपासून रोज दाखवत होतं, आणि मी रोज त्याची माफी मागत होते.

पांघरूण घातलं. मी जवळ असेन तेव्हाच घालायचं, असं बुवांनी बजावलंय. मी कुठे जाते!

२१ मार्च

ह्यांच्या दुरुस्तीसकट चालवलं. पांघरूण घालूनही हिरवं!

आता बुवांचे प्रश्न. शब्दकोश मांडीवर, ह्यांचा कोड समोर. दोन प्रश्नांची उत्तरं जुन्या मेलींत सापडली, ती उतरवून पाठवली. तिसरा अडला. झाडण्याआधी वाचणाऱ्याला ‘आहेस का?’ असं विचारून ह्यांनी दोन सेकंद थांबायला सांगितलंय. दोनच का, असं बुवा विचारतात. पुरतील का?

मला कुठून माहीत असणार? लिहिलं, त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल. कृपया तसंच राहू द्या.

पाठवलं आणि शब्दकोश मिटला.

२८ मार्च

लेक आली. खोकी आणली, दोरी आणली. भांडी तिने बांधली, पुस्तकं मी. मग मशीनपाशी गेली आणि पांघरूण उचलायला लागली. मी हात धरला.

‘महिनाअखेरीपर्यंत तरी राहू दे. बाबांचं काम आत जायचंय.’

तिने पांघरुणाचं टोक नाकाशी नेलं.

‘धुतलं नाहीस ना?’

‘नाही.’

‘नको धुऊस.’ खोक्यावर बसली, नाक पुसलं. ‘आई, तुझं कासव मोटारीत मागच्या सीटवर मावेल. पण घोरायला लागलं तर तुझ्या खोलीत हं!’

३० मार्च

आत घेतली! ‘लेखक’ म्हणून ह्यांचं नाव, जसंच्या तसं. ‘चूक दाखवणारा’ म्हणून कुणाचं लिहू, असं बुवांनी विचारलं होतं. कासवाचं लिहा म्हटलं. लिहिलं.

दोन सेकंदांबद्दल बुवा काहीच बोलले नाहीत. ‘पुढची आवृत्ती निघायला अवकाश आहे,’ एवढंच.

ह्यांची खुर्ची मी स्वतः बांधली.

१४ एप्रिल

लेकीकडे, खिडकीपाशी. कासव लाल.

चूक ह्यांच्याच ओळीत. एप्रिलच्या उन्हात, पांघरुणाखाली कासव आणखी हळू झालं, आणि दोन सेकंद पुरत नाहीत. बुवांना ते तेव्हाच दिसलं होतं. ह्या एका खेपेला चाळणीने जाऊ दिलं. माझ्यासाठी.

‘घाई तुमची, दुसरं काय!’ खुर्चीला म्हटलं. दोन सेकंद खोडले. वाचणारा उठेपर्यंत थांबायचं, असं ह्यांच्याच जुन्या कोडात बघून लिहिलं, चालवलं, हिरवं झालं, बुवांना पाठवलं — आता माझं मन राखू नका, चाळा म्हणून. लेखकाच्या जागी माझं नाव.