जायला शून्य, यायला दोन तास

५ मार्च, गुरुवार
आजही आईने फोन माझ्याच हाती दिला. ताईने विचारले, "आई आहे ना गं जवळ?" आई शेजारीच उभी राहून, पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. आंघोळीला गेली आहे, असे मी सांगितले. ताईचे दिवस भरत आले आहेत. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून बजावले आहे आणि भावजी महिनाभर बोटीवर.
फोन ठेवताच आई म्हणाली, "बस, बोट, परत बस. दोन दिवस जातात. इतक्या लांब कोण जाणार!"
ताई न विचारता लग्न करून गेली, तेव्हापासून हेच उत्तर.

६ मार्च
सोमवारपासून मी नोकरी करते त्या आमच्या विमानतळावरून — एक धावपट्टी, एक खोली, एक वजनकाटा — थेट ताईच्या गावी विमान सुटणार. अक्षांश-रेखांशांवरून मी अंतर काढले : तीनशे ऐंशी किलोमीटर. मध्ये केवळ डोंगर आणि पाणी. आकडा तीनदा पडताळला. पुस्तक उघडले, एकही ओळ डोक्यात शिरली नाही.

७ मार्च
साहेबांनी प्रवाशांसाठी फलक लिहायला सांगितला. वेळापत्रकातील वेळांची वजाबाकी करून मी सुवाच्य अक्षरांत लिहिले : जाण्यास लागणारा वेळ — शून्य. येण्यास — दोन तास.
साहेब वाचून खाली बसले. "बोर्डात पहिल्या आला होतात ना तुम्ही?"
तिकडचे घड्याळ आपल्याहून एक तास मागे! दहाला सुटलेले विमान तिथल्या दहालाच उतरते. खरे उत्तर जाता-येता एकेक तास. रेखांश तोंडपाठ असून मला हे सुचू नये? काटेवाले काका मात्र फलक पुसू देईनात. "राहू दे गं. लोक हसतील तरी."
घरी सांगितले. आई हसली नाही. एवढेच म्हणाली, "म्हणजे जायला वेळच लागत नाही?"

८ मार्च
आईचे जाण्या-येण्याचे तिकीट काढले. परतीचा दिवस शुक्रवार.
"कुणी सांगितलं होतं तुला?"
तिकीट टेबलावर तसेच पडून.

९ मार्च
लहान विमान; म्हणून प्रवाशांचेही सामानासकट वजन करावे लागते. मान खाली घालून मी आकडे लिहीत होते. "पुढचे या" म्हटले, वर पाहिले — काट्यावर आई! सकाळी डोके दुखते म्हणून पडून राहिली होती.
"वहिनी, पिशवीत काय संसार भरलाय?" काका म्हणाले. "चार किलो जास्त होतंय. कुकर काढा."
"कुकर राहू द्या. तिच्याकडचा शिट्टीच देत नाही म्हणे." मग तिने स्वतःचे कपडे उपसून माझ्या टेबलावर ठेवले. "तिचेच घालीन."
म्हणजे माझे फोन ती कान देऊन ऐकत होती.
"तिकडे आत्ता किती वाजले?"
"साडेआठ."
"उठली नसेल अजून," असे म्हणून ती धावपट्टीकडे चालू लागली. मागे वळून पाहिले नाही.

११ मार्च
दोन दिवस फोन लागत नाही. वारा आहे, तारा तुटल्या असतील, असे काका म्हणतात. आईच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या.

१३ मार्च, शुक्रवार
एकच्या विमानातून आई उतरली नाही. तासाभराने फोन लागला. पहिल्यांदाच पलीकडून आईचा आवाज — अगदी हळू.
"मुलगी झालीय. आत्ताच झोपल्यात दोघी. मोठ्यानं बोलू नकोस."
"आणि तू? विमान चुकलं का?"
"दोन तास लागतात ना यायला? तूच लिहिलंयस. इतक्या लांब कोण येणार!"