दर्शनाच्या नावावरचा आकडा

पेण,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दर्शना,

तू बरी असशील, घरचे सगळे खुशाल असतील, असं धरून लिहायला बसले आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. कंपनीच्या मेलवरून लिहिणं शक्य नव्हतं. कोणाचा मेल कोण वाचतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून लेकीच्या, इशिताच्या वहीतली पानं घेतली. अक्षर लागलं नाही तर समजून घे, सही सोडून हाताने काही लिहिल्याला वर्षं झाली.

कंपनीची खबर सांगते. गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. उन्हातून घामाघूम होऊन आलेली माणसं त्याला ओळखूच येत नाहीत, सेकंड शिफ्टची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. तक्रारींसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलंय. त्यात तक्रार ‘बंद’ करता येते, ती सुटली का हे ते विचारत नाही. मीटिंगचा वृत्तांतही आता कॉम्प्युटरच लिहितो. कोणी गप्प बसलं की तो ‘सर्वांची सहमती’ असं लिहून मोकळा होतो.

बघ, मी अशीच इकडचं तिकडचं लिहीत राहीन.

पंधरा वर्षं लोक मला विचारतात, मॅडम, हे सॉफ्टवेअर कसं आहे? मी वापरून बघते आणि सांगते. परमिटच्या ॲपबद्दल तेवढं खरं सांगितलं नाही.

टाकीत माणूस उतरवायच्या आधी सेफ्टीवाल्यांनी, म्हणजे तू, गॅस मीटर लावायचा, ऑक्सिजनचा आकडा टॅबवर टाकायचा, मगच परमिट निघायचं. हे मीच बसवलेलं. पण हातमोजे घालून त्या टॅबवर काही उमटायचं नाही, एका परमिटला वीस मिनिटं जायची. साईराज सर प्लांट हेड म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या ॲपमुळे माझं प्रॉडक्शन थांबतंय.” त्या ॲपमध्ये ‘मागच्यावरून भरा’ असं एक बटण होतं. बनवणाऱ्यांनी ते बंद ठेवूनच दिलं होतं. मार्चमध्ये मी ते फोरमनच्या टॅबवर सुरू करून दिलं. ते दाबलं की कालचं परमिट आजच्या तारखेने तसंच्या तसं उतरतं. आकड्यासकट. तपासणाऱ्याच्या नावासकट. चाचणी मीच घेतली होती, दर्शना. मला ते तेव्हाच दिसलं होतं. म्हटलं, आकडा तरी माणसं नवा टाकतीलच.

१९ ऑगस्टला फोरमनने घाईत तेच दाबलं. आदल्या दिवशीचा तुझा आकडा आणि तुझं नाव आलं. तू तेव्हा दुसऱ्या प्लांटला होतीस. गोरख टाकी साफ करायला उतरला आणि पाच मिनिटांत कोसळला. पुढचं मी तुला काय सांगणार? ओरडा ऐकून तू धावत आलीस, हवेचा मास्क लावून स्वतः आत गेलीस, त्याला दोरीला बांधलंस, वर माणसं तुझ्या आवाजावर ओढत होती. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. आणि तेव्हासुद्धा माझ्या मनात आधी ते बटण आलं, गोरख नंतर.

चौकशीत तू म्हणालीस, “मी मीटरच लावला नाय, तर आकडा टाकीन कशी?” मग समितीने मला विचारलं, “सिस्टीम स्वतःहून आकडा लिहू शकते का?”

“नाही,” मी म्हटलं. “सिस्टीम स्वतःहून काही लिहीत नाही.”

शब्द न् शब्द खरा. बटण माणसानेच दाबलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. तुला बटणाचं माहीत नव्हतं, फोरमनने ते सांगितलं नव्हतं, पण वृंदाताई काहीतरी गिळतेय एवढं तुला कळलं. चार दिवसांनी तुझ्या हातात निलंबनाचा कागद आला.

इशिताची बारावी आहे, नोकरी गेली तर कसं होईल, म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण एवढं मोठं नव्हतं. माझी चूक चारचौघांत दिसायला नको होती, बस्स. रोज तुझ्या गावाला, गडबला बस थांबली की मी मोबाइलमध्ये डोकं घालते.

गेल्या सोमवारी साईराज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “ॲपचा लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसला जातो ना?” कोणता आकडा हाताने टाकला आणि कोणता मागच्यावरून आला, ते फक्त त्या लॉगमध्ये दिसतं. १९ ऑगस्टची नोंद १७ नोव्हेंबरला जाणार होती. मी “हो” म्हटलं. ते म्हणाले, “मग जाऊ द्या.” मी पुन्हा “हो” म्हटलं.

बुधवारी गोरखची बायको, जानी, दवाखान्याच्या कागदांसाठी गेटवर आली होती. मला बघून म्हणाली, “बाय, दर्शनामॅडम कुठं हाय? भेटायचं हाय त्यांना.”

“त्या सध्या कामावर नाहीत.”

“का गो?”

माझ्याआधी वॉचमनच बोलला, “त्यांनी खोटा आकडा लिहिला म्हणून काढलंय.”

“तिनं?” जानीचा आवाज चढला. “ती तर आत उतरली व्हती. माझा मानूस चार पावलं चालला तरी धापतोय, पन जिता हाय तो तिच्यामुलं. तिनं खोटं लिवलं, ते कोनी बगितलंय?”

ती माझ्याकडे बघून विचारत होती. तो आकडा कुठून आला ते लॉगमध्ये बघितलेली अख्ख्या कंपनीत मी एकटी.

काल सकाळी मी लॉग छापला, पानोपान सही केली आणि जबाब लिहिला. बटण कोणी सुरू केलं, कधी केलं, आणि चौकशीत मी काय लपवलं. एक प्रत समितीला दिली, एक कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. साईराज सर म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुमच्यावरच येणार, कळतंय ना?” मी म्हटलं, “कळतंय.” दुपारी लॅपटॉप आणि ओळखपत्र काढून घेतलं. रोह्याहून एसटीने घरी आले.

सोमवारी अकरा वाजता समिती पुन्हा बसतेय. तुला बोलावणं येईल. जबाबाची प्रत सोबत ठेवली आहे.

हे पत्र मी आज स्वतः गडबला उतरून देणार आहे. मला घरात घेऊ नकोस, लिफाफा घे आणि दार लाव. माफीचं काही लिहीत नाही, ते तुझं तू बघ. पण सोमवारी ये. या वेळी मला विचारतील, तेव्हा तू समोर असायला हवीस.

तुझी साक्षीदार,
वृंदा