मेपलची रुतलेली तार

केइगो,

प्रवासाने दमला होतास, म्हणून उठवलं नाही. मी पहिल्या गाडीने बाबांकडे इस्पितळात चालले आहे. मिसो सूप गॅसवर आहे. गरम कर, पण उकळू देऊ नकोस.

मागच्या अंगणात खालच्या फळीवर मेपलचं छोटं बोन्साय दिसेल. तू बी पेरून रुजवलेलं, तेच. तू घर सोडल्यावर बाबांनी ते फेकून दिलं असं तुला वाटलं होतं ना? गेल्या वर्षी पानगळ झाल्यावर फांद्यांना वळण द्यायला त्यांनीच त्याला तार गुंडाळली. ती वसंतातच काढायला हवी होती, आता सालीत रुततेय. मी दोनदा पक्कड हातात घेतली आणि दोनदा बाबांचा ओरडा खाल्ला. "हात लावू नकोस! ज्याचं झाड त्याने सोडवावं." आता त्यांचा उजवा हात उचलला जात नाही, तरी हेका तोच.

तार उलगडत बसू नकोस, फांदी मोडेल. तार जागच्या जागी कापून तुकडे काढ. मग झाड सावलीत ठेव.

मला सकाळीच आत सोडतात, बाकीच्यांना भेटायची वेळ दोनला सुरू होते. तू ये असं मी म्हणत नाही. पण तार तू काढलीस, हे मी त्यांना गेल्या गेल्या सांगणार आहे, आणि ते पुरावा मागतील. तुकडे फेकू नकोस, घेऊन ये.

ताई