एक जून

सुरत,
१२ ऑक्टोबर १९९७

प्रिय योगराज,

तू न सांगता अमळनेरला मामाकडे निघून गेलास, त्याला उद्या तीन आठवडे होतील. हा पत्ता मिळवायला बासष्टाव्या वर्षी मला लिंबायतच्या गल्ल्या तुडवाव्या लागल्या. निघताना निरोप घ्यायचा असतो, एवढं तरी मी वर्गात शिकवलं होतं असा माझा समज होता. मामाच्या दुकानात साखर तोलतोस म्हणे. छान. त्यासाठीच चार वर्षं हाताला मार लावून घेतलास का?

तुझा ग्लोव्ह माझ्या कपाटात आहे. तुमच्या खोलीत उंदीर चामडं कुरतडतात म्हणून तू तो माझ्याकडे ठेवायचास आणि रोज साडेपाचला न्यायला यायचास. आमचे हे गेल्यापासून माझ्या दाराची कडी वाजवणारा तू एकटाच होतास. अजूनही साडेपाचला मी कडी काढून ठेवते. परवा भंगारवाला थेट आत आला. त्याला हाकललं, मग ग्लोव्हला खोबरेल लावलं आणि तो हातात घालून पाहिला. माझा पंजा आत कुठे गेला, कळलंही नाही.

तू पहिल्यांदा बेसबॉल म्हणालास तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. मग उधन्याच्या मैदानावरून काशिनाथ सर स्वतः घरी आले. बाई, असा पिचर मला आजवर मिळाला नाही, म्हणाले. त्याचं प्रात्यक्षिक म्हणून तू चेंडू फेकून माझी तुळशीची कुंडी फोडलीस. त्या दिवसापासून तुझ्यापेक्षा मलाच जास्त घाई झाली. राज्याच्या संघातून एकदा खेळलास की बारावीनंतर बडोद्याच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश, कॉलेजचा संघ, होस्टेल. नाहीतर कारखान्यात बापाशेजारचा लूम. दुसरी वाट नव्हती, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

निवडीच्या दिवशी त्या कारकुनाने दाखल्यावर बोट ठेवलं. जन्म १ जून १९८०. सतरा वर्षांखालच्या संघासाठी जन्म १ जानेवारी १९८१ किंवा त्यानंतरचा हवा होता; तू सात महिन्यांनी म्हातारा ठरलास. मी त्याला मराठीत झापलं, गुजरातीत झापलं आणि शेवटी इंग्रजीत. तो शांतपणे म्हणाला, ‘बेन, दाखलो तो तमारी ज निशाळनो छे.’ दाखला तर तुमच्याच शाळेचा आहे. तू बाजूला उभा होतास, चेंडू खिशात कोंबत.

घरी जाऊन तू वडिलांना, आनंदाभाऊंना, काय बोललास, ते तुझ्या आईने मला सांगितलं. अंगठेबहाद्दर म्हणालास. स्वतःच्या पोराची जन्मतारीख सांगता येत नाही, म्हणालास. ते डबा उचलून पाळीला गेले. तू उधन्याहून गाडी धरलीस.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, ही तारीख लिहिणारा मूर्ख शोधायला. ऑफिसातल्या अलकाबाईंनी शहाऐंशी सालचं प्रवेशाचं रजिस्टर काढून दिलं. पान उघडलं, तर समोर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी मारून वळण लावलेलं तिरकं अक्षर. माझं. मग सगळं आठवलं. आनंदाभाऊंनी मला बरोबर सांगितलं होतं: सन एक्क्याऐंशी, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांचा दिवस, घरात पाहुणे जेवत होते. म्हणजे शहाऐंशीच्या जूनमध्ये तुला पाच वर्षंही पुरी नव्हती. नियमाप्रमाणे तुला परत पाठवायला हवं होतं. तुझी आई मंदा म्हणाली, मग याला दिवसभर मशिनीजवळ बसवते. तू दाराची चौकट धरून रडत होतास. मी एक जून एकोणीसशे ऐंशी लिहिलं आणि तुला पहिल्या रांगेत बसवलं. अर्ध्या वर्गाचा जन्म मी असाच एक जूनला लावलाय, सोयीचं पडायचं. ती तारीख पुढे कुणाच्या आड येईल, असं कधी मनातही आलं नाही.

रजिस्टर मिटलं आणि घरी आले. दुसऱ्यांच्या चुकांवर आयुष्यभर लाल रेघ ओढणारी मी तीन आठवडे गप्प बसले. आज सकाळी तुझ्या वडिलांना सांगून आले. ‘माले काय माहीत बाई, तुम्ही लिखं ते खरं,’ म्हणाले, आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते रागावले असते तर मला परत येताना चालणं सोपं गेलं असतं.

तारीख मी बदलली, असं प्रतिज्ञापत्र वकिलाकडून करून घेतलं आहे. दाद मागायची मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे आणि अर्जावर तुझी सही लागते. मानतील की नाही, सांगता येत नाही. मी मात्र प्रत्येक टेबलासमोर उभी राहून सांगेन. तू ये. पण स्टेशनवरून आधी घरी जा आणि वडिलांच्या पाया पड. ते खोटं बोलले नव्हते. त्यानंतर माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही, तर ग्लोव्ह काशिनाथ सरांच्या हाती पाठवीन. वाटलं, तर साडेपाचला कडी काढलेली असते.

तुझ्याच, चुकलेल्या,
हेमलताबाई