फुलं संपल्यावर

रविवार, संध्याकाळ

मेंदूच्या लहरींचा भौतिकशास्त्राच्या अंगानं अभ्यास करायला बंगळुरूला प्रवेश मिळाला, हे आज आईला सांगितलं. ती उद्याच्या बाजारासाठी झेंडूच्या माळा ओवत होती. रिकामा असला की तिचा उजवा हात थरथरतो, फुलं ओवताना मात्र शांत असतो. असं का, तेच मला शोधायचंय. मुलाखतीत या हाताबद्दल एक शब्द बोलले नाही. का नाही बोलले, कोण जाणे.

"त्याच्यानं माझा हात बरा व्हईल का?" तिनं विचारलं.

"नाही गं. असं का होतं ते कळेल. कदाचित."

"मंग जा. कुणाला तरी कळू दे."

फुलं संपली होती. तरी मी समोरून उठेपर्यंत तिनं सुई चालूच ठेवली.